चौथ्या बाजूचा उतार

डोक्यावर छप्पर असणं ही माणसाची गरज आहे. पण ते छप्पर स्वतःच्या हातांनी घालणं ही संस्कृती आहे. हे वाक्य मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून, हातात स्क्रूची पिशवी घेऊन, खाली जमलेल्या मंडळींना उद्देशून उच्चारलं होतं. पुढच्याच क्षणाला पिशवी फाटली. संस्कृती गच्चीभर घरंगळली आणि दुपारपर्यंत आम्ही ती गुडघ्यांवर रांगत गोळा करत होतो.

आमच्या गच्चीवर एक खोली आहे. ती बाबांची. बाबा म्हणजे माझे वडील. त्यांना ऐकू कमी येतं आणि दिसतं मात्र नको तेवढं. खोलीवर जुना सिमेंटचा पत्रा होता आणि त्याला इतके तडे गेले होते, की पाऊस बाहेर कमी आणि आत जास्त पडे. आमच्याकडे पाऊस वेळापत्रक पाळत नाही. महिनाभर तोंड दाखवणार नाही, आणि चादरी वाळत घातल्या की हजर. तो आला की बाबा उशी काखोटीला मारून खाली हॉलमध्ये येत, दिवाणावर झोपत, आणि उघडीप झाली की परत वर जात.

हॉलमध्ये संध्याकाळी बायकोची गणिताची शिकवणी असते. बाबा टीव्हीवर बातम्या लावत त्या अशा आवाजात, की बायकोने मुलांना ‘क्षची किंमत किती?’ विचारलं की उत्तर वृत्तनिवेदक देई. एका मुलाने चाचणीत क्षची किंमत ‘चौकशी समिती’ अशी लिहिली. त्याच्या आईने त्याला शिकवणीतून काढलं. मग आणखी दोघांना त्यांच्या आयांनी काढलं.

“अहो, एक तर बातम्या राहतील नाहीतर बीजगणित,” बायको म्हणाली. “तुम्ही ठरवा.”

बाबांना हे ऐकू गेलं नसेल असं आम्हाला वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून ते टीव्ही मुका ठेवून बघायला लागले. सकाळी आम्ही उठायच्या आत अंथरुणाची घडी करून दिवाणाखाली ढकलत आणि दिवाणाच्या टोकाला, ट्रेन चुकलेल्या प्रवाशासारखे, बसून राहत. बापाला आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसलेलं बघणं फार अवघड असतं. ते एकदाच म्हणाले, “अरे, माझी खोली तेवढी कोरडी करून दे. मग मी कुणाच्या मध्ये येणार नाही.”

झालं. मी धातूचं छप्पर घालायचं ठरवलं.

इथे माझ्या पात्रतेबद्दल सांगायला हवं. मी विमा कंपनीत आहे, आणि तिथेही दावे फेटाळण्याच्या विभागात. वादळात छप्पर उडालेल्यांचे अर्ज माझ्याकडे येतात आणि मी त्यांवर ‘सदोष उभारणी’ असा शेरा मारतो. इतकी वर्षं लोकांची छप्परं कशी चुकली हे वाचत असलेल्या माणसाला छप्पर कसं घालावं हे कळत नसेल, तर कुणाला कळणार? शिवाय मी एक व्हिडिओ पाहिला. ‘नवशिक्यांसाठी पत्र्याचं छप्पर.’ त्यात स्वच्छ शर्टातला एक हसरा माणूस पत्रे उचलतो, ठेवतो, स्क्रू मारतो आणि शेवटी कंबरेवर हात ठेवून सूर्यास्ताकडे बघतो. व्हिडिओ उत्तमच होता. त्यात फक्त शेजारी नव्हते.

मध्यमवर्गीय माणसाची एक खोड असते. तो विचारतो. श्रीमंत विचारत नाही, तो करून मोकळा होतो. गरीबही विचारत नाही, त्याला विचारायला वेळ नसतो. मध्यमवर्गीय मात्र स्वतःच्या घरात खिळा ठोकायचा असला तरी दोन्ही बाजूंना विचारून येतो, आणि वर चहाही पिऊन येतो. जुन्या छपराचं पाणी गेली कित्येक वर्षं मागच्या बोळात पडत होतं. कुणी ब्र काढला नव्हता. पण मी विचारायला गेलो.

उजवीकडे वकीलसाहेब राहतात. ते कोर्टात कमी बोलतात, त्यामुळे घरी त्यांच्याकडे पुष्कळ बोलणं शिल्लक असतं.

“छप्पर घाला. अवश्य घाला,” ते म्हणाले. “वडिलांसाठी करताय, चांगली गोष्ट आहे. फक्त उतार माझ्या बाजूला नको.”

“नाही नाही, साहेब. तो मागच्या बाजूलाच—”

“कारण पाणी माझ्या हद्दीत आलं, तर मला तुम्हाला नोटीस पाठवावी लागेल. व्यक्तिशः मला फार वाईट वाटेल. पण पाठवेन.”

वाईट वाटून पाठवलेली नोटीस कशी असते ह्याचा विचार करत मी डावीकडे गेलो. डावीकडे निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळा रस्ता त्यांना ‘बाई’ म्हणतो आणि त्यांच्या फाटकासमोरून जाताना शर्ट खोचून घेतो.

“उतार कुठे?” बाईंनी विचारलं. मी उभाच होतो. त्यांनी बस म्हटलं नव्हतं.

“मागे.”

“मागे म्हणजे नक्की कुठे? नीट सांगा. अर्धवट उत्तरं नकोत. माझी भिंत नुकतीच रंगवली आहे. तिच्यावर एक जरी ओघळ आला तर मी वर येऊन बघणार.”

“येणार नाही, बाई.”

“बघू. आश्वासनं पुष्कळ ऐकली आहेत.”

तिथून मी पालिकेच्या ऑफिसात गेलो. तिथे का गेलो, हे मला आजही सांगता येत नाही. कायदा गाढ झोपलेला असताना त्याला हलवून ‘माझ्यासाठी काही काम आहे का?’ असं विचारायचं मला काही कारण नव्हतं. खिडकीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “तात्पुरतं की कायमचं?”

“म्हणजे?”

“तात्पुरत्या छपराला परवानगी लागत नाही.”

“मग तात्पुरतंच,” मी हुशारीने म्हणालो.

“ठीक. ते तात्पुरतं आहे अशी परवानगी घ्यावी लागेल.” गृहस्थांनी पहिल्यांदा वर बघितलं. “राहणार कोण त्यात?”

“वडील.”

“वय?”

मी वय सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला.

“मग तात्पुरतंच लिहा,” ते म्हणाले. मला त्यांचा राग यायला हवा होता; पण काम होत असताना रागावू नये हे सुशिक्षितांना शिकवावं लागत नाही. निघताना मी मूर्खासारखं विचारलं, “पाणी मागच्या बोळात सोडलं तर चालेल ना?”

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. “सार्वजनिक बोळात? खासगी पाणी?”

आभाळातून पडलेलं पाणी माझ्या पत्र्याला शिवलं की खासगी होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

अशा रीतीने उजवी बाजू वकिलांनी घेतली, डावी बाईंनी, मागची सरकारने. चौथी बाजू आमची होती.

ह्या चौथ्या बाजूचा भूगोल समजून घ्यायला हवा. बाबांच्या खोलीच्या समोर गच्चीचा एक चिंचोळा तुकडा आहे आणि त्याच्या पलीकडे जिन्याचं दार. गच्चीतलं पाणी वाहून जायचं भोकही नेमकं त्या दाराशीच आहे. म्हणजे पाणी आपल्याच गच्चीत पडणार, आपल्याच भोकातून जाणार. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मला ही व्यवस्था केवळ सोयीची नव्हे तर नैतिकही वाटली. मी बायकोला तसं सांगितलं.

“म्हणजे सगळ्यांचं पाणी आपण अंगावर घ्यायचं,” ती म्हणाली.

“अगं, आपलंच पाणी आहे ते.”

“तेच म्हणतेय.”

लोखंडी सांगाडा करायला मी एक फॅब्रिकेटर गाठला. मला वाटलं होतं की हा तरी विरोध करेल. पण त्याच्या शब्दकोशात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. उतार जिन्याकडे? “होऊन जाईल.” पुढे पन्हळ लावून पाणी एका कोपऱ्यात? “होऊन जाईल.” मी उतार वरच्या दिशेला मागितला असता तरी झाला असता. त्याने जुना पत्रा उतरवला, सांगाडा जोडला, गच्चीवर नवे पत्रे, स्क्रू आणि पन्हळ रचून ठेवली, “उद्या येतो” म्हणाला आणि पंचमहाभूतांत विलीन झाला. त्याचा फोन लागायचा नाही, कारण तो नेहमी दुसऱ्या कुणाला तरी “उद्या येतो” सांगण्यात गुंतलेला असायचा.

बाबांची खोली आता वरून सताड उघडी होती, त्यामुळे उघडीप असली तरी बाबा दिवाणावरच. ते रोज विचारत, “छप्पर कुठवर आलं?” मी ओरडून सांगत असे, “उद्या!” ते मान हलवत आणि मुक्या टीव्हीतल्या तोंडांकडे बघत बसत. शेवटी मी ठरवलं की पत्रे आपणच घालायचे. व्हिडिओतल्या माणसाला तरी कोण होतं?

मला मेहुणा होता. बायकोचा हा धाकटा भाऊ कुठल्याही कामात घ्यावा असा नाही, पण त्याच्याकडे ड्रिल मशीन आहे, आणि ज्याच्याकडे मशीन असतं त्याच्याकडे मतही असतं. तो आला, त्याने सांगाडा हलवून बघितला, सांगाडा हलला, आणि तो म्हणाला, “भाऊजी, मजबूत आहे.”

पहिला पत्रा उचलला आणि पहिला प्रश्न उभा राहिला. पत्र्याची एक बाजू सुंदर निळी होती, दुसरी राखाडी. निळा रंग बायकोने दुकानात तासभर उभं राहून पसंत केला होता.

“निळी बाजू वर,” मी म्हणालो. व्हिडिओत तसंच होतं.

“वर कशाला?” बायकोने खालून विचारलं.

“तशीच असते.”

“वर कोण बघणार आहे? कावळे? मी रंग कावळ्यांसाठी निवडला नव्हता. बाबा आडवे पडले की त्यांना काय दिसणार? राखाडी?”

मी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने मशीनकडे बघितलं. “ताईचं म्हणणं चुकीचं नाही,” तो म्हणाला. आणि खरोखर, त्या क्षणी ते चुकीचं वाटतही नव्हतं. निळा रंग हा पत्रा गंजू नये म्हणून दिलेला असतो, ही माहिती व्हिडिओच्या शेवटी होती. शेवटी मी सूर्यास्त बघत होतो.

तर आम्ही निळी बाजू खाली घालून पत्रे बसवले. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे असतात, खोलगट भागात नाही, कारण खोलगट भागातून पाणी वाहतं. एवढं मात्र मला ऑफिसातल्या फेटाळलेल्या अर्जांमुळे पक्कं ठाऊक होतं, आणि मी ते मेहुण्याला इतक्या वेळा सांगितलं, की त्याने मशीन माझ्या हातात देऊन “मग तुम्हीच मारा” म्हटलं. मी मारले. काही पत्र्यात गेले, काही सांगाड्यापर्यंत पोचले, एक माझ्या चपलेत गेला आणि काही वेळ मी छपराचाच एक भाग होतो. बाई त्यांच्या गच्चीतून बघत होत्या.

“पत्र्याला रंग कधी देणार?” त्यांनी विचारलं.

“दिलेला आहे, बाई. आतून.”

बाईंनी माझ्याकडे, एके काळी कच्च्या विद्यार्थ्यांच्या पालकांकडे बघत असतील, तसं बघितलं.

वकीलसाहेबांनी मोजपट्टी आणून कडा त्यांच्या हद्दीबाहेर असल्याची खात्री केली. मग पन्हळ लावली. तिचा उतार मेहुण्याने डोळ्यांनी मोजला आणि तो, आश्चर्य म्हणजे, बरोबर आला. छपराचं सगळं पाणी एका कोपऱ्यात, पन्हळीच्या तोंडाशी, जिन्याच्या दारासमोर. आता तिथून खाली फक्त एक नळी सोडायची होती. नळी फॅब्रिकेटर उद्या आणणार होता.

छप्पर पूर्ण झालं. बाबा वर गेले. आडवे पडून त्यांनी बराच वेळ निळ्या पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाले, “आभाळासारखं केलंयस.” मी खाली येऊन दोनदा नाक शिंकरलं. धूळ फार झाली होती.

एवढं होऊन गप्प बसलो असतो तर! पण ज्यांना विचारलं होतं, त्यांना दाखवायलाही हवं होतं. विशेषतः त्यांचे सल्ले किती काटेकोरपणे पाळले, ते. मी एका संध्याकाळी वकीलसाहेबांना आणि बाईंना बाबांच्या खोलीत चहाला बोलावलं. मेहुणा होताच. आणि ज्याचा फोन लागत नव्हता त्या फॅब्रिकेटरला चहाचा वास मात्र बरोबर लागला. तो नळीशिवाय आला, छपराकडे बघून “मस्त झालं आपलं काम” म्हणाला आणि सर्वांत चांगल्या खुर्चीवर बसला.

बायकोने चहाचा ट्रे ठेवला. मी घसा साफ केला. माझ्याकडे थोडंसं भाषण होतं, संस्कृतीवालंच, पण सुधारून. “मंडळी,” मी म्हणालो, आणि पत्र्यावर पहिला थेंब पडला.

पावसाचा आवाज मी पूर्वी ऐकला होता. पण तो बाहेरून. पत्र्याखाली बसल्यावर कळलं, की पाऊस ही पडायची नव्हे, मारायची वस्तू आहे. कुणीतरी वर डबे आपटतंय, मग पिंपं, मग अख्खा कारखाना. माझे ओठ हलत होते, पण भाषण मलाही ऐकू येत नव्हतं. सगळे एकमेकांच्या कानांत ओरडत होते आणि कानावर हात ठेवून हसून माना डोलवत होते. म्हणजे बाबा रोज करतात ते सगळं.

बाबा मात्र ताठ बसले होते. चेहरा असा उजळलेला मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. त्यांनी माझी बाही ओढली आणि, ओरडायची सवयच असल्यामुळे, त्या खोलीत फक्त त्यांचाच आवाज नीट पोचला: “अरे, पाऊस ऐकू येतोय!”

तेवढ्यात वकीलसाहेब बाईंच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाले. कुणालाही ऐकू गेलं नाही. पण इतके दिवस टीव्हीतल्या मुक्या तोंडांशी झटणाऱ्या माणसाला ऐकू जायची गरज नसते. बाबा त्यांच्याकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, “मूर्ख आहे खरा. पण आमचा आहे.”

वकीलसाहेब उठले. त्यांना एकदम काहीतरी काम आठवलं. ते दाराबाहेर पडले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे उंबऱ्याशी आलो, कारण समोरचं दृश्य बघण्यासारखं होतं. अख्ख्या छपराचं पाणी पन्हळीतून, एकही थेंब उजवीकडे, डावीकडे किंवा मागे न सांडता, शिस्तीत वाहत येऊन एका जाड दोरखंडासारखं जिन्याच्या दारासमोर कोसळत होतं. इतरांची छप्परं पाणी विखरून टाकतात. आम्ही त्याला दिशा दिली होती.

दार वाऱ्याने बंद झालेलं. वकीलसाहेब डोकं खाली घालून धावले. दाराला त्यांनी धक्का दिला. पण ते दार गच्चीकडे उघडतं. ओढायचं तर एक पाऊल मागे घ्यावं लागतं, आणि ते एक पाऊल म्हणजे नेमका दोरखंड. त्यांनी पाऊल मागे घेतलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट क्षणात दिसेनासा झाला, म्हणजे त्याच्या आतलं सगळं दिसायला लागलं. दार फुगलं होतं. ते ओढत राहिले, पाणी पडत राहिलं.

शेवटी दार उघडलं. त्यांनी चौकटीतून वळून, चष्म्यातून पाणी निथळत, माझ्याकडे बोट रोखलं. “मी तुम्हाला... हे पाणी...”

“तुमच्या हद्दीत नाही पडलं हं, साहेब,” बायको ओरडली.

ते थबकले. त्यांच्या तोंडावर कायद्याची पुस्तकं भराभर उलटली जाताना दिसली. पाणी आमचं, गच्ची आमची, हद्द आमची. बोट हळूहळू खाली आलं आणि ते जिना उतरून गेले.

बाईंनी कप उतरवून ठेवले, ट्रे डोक्यावर धरला आणि शांतपणे, ताठ मानेने, धबधबा पार केला. ट्रे आजतागायत परत आलेला नाही. मागायची कुणाची छाती नाही. फॅब्रिकेटर पाऊस थांबेपर्यंत बसला, उरलेली सगळी बिस्किटं संपवली आणि जाताना म्हणाला, “नळी लावली की होऊन जाईल.”

नळी लावून झाली. तिच्यासाठी एकच जागा होती, आणि ती तिथे लावली की दार उघडत नाही. मग नळी काढली. दार आतल्या बाजूला उघडेल असं करावं, तर आत जिन्याची पहिली पायरी आडवी येते. जिना हलवावा असं मेहुणा म्हणाला. बायकोने त्याला मशीन घेऊन घरी जायला सांगितलं.

खोली मात्र आतून ठणठणीत कोरडी आहे. हे मी सर्वांना सांगतो. माझा एकही स्क्रू गळत नाही. बाबा तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, “पाऊस असला की मी वरच राहणार. तिथे ऐकू येतं.” पण जिन्याच्या वरच्या पायऱ्या पाण्याने शेवाळल्यात आणि बाथरूम खाली आहे.

“घसरलात तर, बाबा?” बायकोने त्यांच्या समोर बसून, ओठ नीट हलवत विचारलं. “आणि रात्री उठावं लागलं तर?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ह्यावर व्हिडिओत काही नव्हतं. मग ते म्हणाले, “बरं.”

आता पाऊस लागला की ते जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसतात, मान वर करून. तिथून थोडंसं ऐकू येतं म्हणतात. मग अंधार पडला की दिवाणावर येतात, टीव्ही मुका ठेवतात, आणि सकाळी आम्ही उठायच्या आत अंथरुणाची घडी झालेली असते.

थोडक्यात, सध्याची व्यवस्था अशी आहे. पाऊस नसला की बाबा वर झोपतात. पाऊस आला की उशी काखोटीला मारून खाली हॉलमध्ये येतात. छप्पर घालायच्या आधीही ते असंच करायचे.